महापुरानंतर मठ पुन्हा उभा करताना : कृष्णाकाठी शिकलेली कामाची रीत

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. रात्री दोनचा पहारा कुणाचा, पहाटे चारचा कुणाचा, हे गावाने आधीच लिहून देवळाच्या खांबाला लावलेले असते. वाढपी कोण, पाणी कुठल्या गल्लीने भरायचे, कुठल्या दिवशीची पंगत कुठल्या भावकीची, सगळे ठरलेले असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर ओसरल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात एका लहानशा वारकरी मठात आम्ही तीस-चाळीस जण खोरी-घमेली घेऊन पोहोचलो. पहिले दोन दिवस नुसती धावपळ झाली. एकाच खोलीत दहा जण गाळ उपसत होते आणि कोठीकडे कुणी फिरकले नव्हते. तिसऱ्या दिवशी मठातल्या वयस्क वीणेकऱ्यांनी मागच्या सप्ताहाची पहाऱ्याची वही आणली. माळ्यावर राहिल्यामुळे ती वाचली होती. ती आमच्यासमोर ठेवून ते म्हणाले, "माऊली, गावाला हे येतंय की. ह्यातच नावं भरा."

त्या वहीनंतर कामाला वळण लागले. पुढे २०२१ मध्येही याच भागात काम केले. या दोन पुरांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. मठ म्हणजे माझ्या डोळ्यासमोर असा आहे : देऊळ, सभामंडप, रोज दुपारचे अन्नछत्र, गायन आणि पखवाज शिकणारी पंधरा-वीस मुले, चार-पाच गाई आणि पौर्णिमेला नृसिंहवाडीकडे चालत जाणाऱ्यांसाठी दोन खोल्या. तुमच्याकडे दर्गा असेल, जैन बस्ती असेल, चर्चचे वसतिगृह असेल. गाळ आणि ओल सगळीकडे सारखीच असते.

पाणी असताना जाऊ नका

शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी येते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. अशा वेळी मदतीच्या ओढीने निघालेली गाडी वाटेत अडकते आणि तिलाच सोडवायला माणसे लागतात. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून जी माणसे गेली, त्यांची आठवण या भागात अजून ओली आहे. पाण्यातले काम प्रशिक्षित पथकांचे आणि गावातल्या पोहणाऱ्यांचे. स्वयंसेवकाचे काम पाणी उतरल्यावर सुरू होते आणि ते पुष्कळ लांब चालते.

निघण्यापूर्वी मठात किंवा गावात एका माणसाला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा, "आज काय हवंय?" २०१९ ला वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते आणि गावात गमबूट, रबरी हातमोजे, खराटे आणि ब्लीचिंग पावडर मिळत नव्हती. आपले पिण्याचे पाणी आणि दोन वेळचा डबा सोबत न्या. धनुर्वाताचे इंजेक्शन आधी घ्या. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका. पुराच्या पाण्यात उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. त्यासाठीच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने घेऊ नका.

खोरे उचलण्याआधी

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकते. हात शिवशिवत असतात, घाण बघवत नाही आणि माणूस साफसफाईला लागतो. मग पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यांना स्वच्छ खोली दिसते.

आधी फोटो काढा. प्रत्येक खोलीचे चारही कोन, भिंतीवरची पाण्याची रेघ (शेजारी टेप किंवा माणूस उभा करून), भिजलेले धान्य, पडलेली भिंत आणि मेलेले जनावर यांचे फोटो हवेत. फोटोवर तारीख-वेळ येईल अशी सोय करा. मग नगाला नग यादी करा : तांदूळ किती पोती, सतरंज्या किती, मोठी पातेली किती. पंचनाम्याच्या वेळी विश्वस्तांपैकी कुणीतरी हजर असावे आणि त्याची प्रत मागून घ्यावी. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा.

वीज हा दुसरा अडसर. मेन स्विच बंद दिसला म्हणून तारा मेलेल्या असतात असे समजू नका. महावितरणच्या माणसाने खांबावरून पुरवठा तोडल्याचे सांगेपर्यंत ओल्या भिंतीला हात नको. मोटर, फॅन आणि बोर्ड उघडून वाळवून तपासल्याशिवाय चालू करायचे नाहीत.

साप तर असणारच. पाणी चढते तसे तेही उंच जागी येतात आणि पाणी उतरल्यावर लाकडांच्या ढिगात, चुलीच्या आत किंवा गुंडाळलेल्या सतरंजीत बसतात. हात घालण्याआधी काठीने हलवा. सर्पमित्राचा आणि १०८ चा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पहाऱ्याची वही

आता ती वही. पानावर उभ्या रेघा मारा : गाळ, कोठी-स्वयंपाक, आड, पोथ्या-वाद्ये, गोठा, हिशेब. आडव्या ओळीत वेळा लिहा. गाळाचा पहारा दोन तासांपेक्षा मोठा ठेवू नका. श्रावणातल्या दमट उन्हात गमबूट घालून माणूस त्यापेक्षा जास्त टिकत नाही आणि थकलेला माणूस पाय मोडून घेतो. प्रत्येक कामाचा प्रमुख मठातला किंवा गावातला असावा आणि बाहेरच्याने त्याच्या हाताखाली काम करावे. यावर मी अडून बसतो, कारण उलटे झालेले पाहिले आहे. शहरातून आलेल्या उत्साही तरुणांनी पाच दिवसांत मठ चकचकीत करून दिला, पण कुठली वस्तू कुठे ठेवली हे मठातल्या कुणालाच माहीत नव्हते. ज्यांचे घरही पाण्यात गेले आहे त्या माणसांना बाकावर बसवून त्यांच्या देवाघराची झाडलोट आपण केली, तर ती आतून आणखी खचतात. त्या वीणेकऱ्यांचे स्वतःचे घर पडले होते. हातात वही आल्यावर ते पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले.

गाभाऱ्याचे नियम पहिल्याच सकाळी विचारून घ्या. आत कोण जाणार, चामड्याचा पट्टा चालतो का, मूर्ती आणि समाधीवरचा गाळ कुणी काढायचा, हे पुजाऱ्यांनी सांगावे. मूर्तीला टवका उडाला असेल तर काय करायचे हा त्यांचा निर्णय आहे, आपण मत देऊ नये. एकादशी कधी आहे तेही पाहा. माळकऱ्यांच्या दारी त्या दिवशी पुलावाची पाकिटे घेऊन उभे राहिलो की दोघांनाही अवघड होते.

बायका गाळ काढायला येणार असतील तर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची आडोशाची जागा पहिल्याच दिवशी तयार झाली पाहिजे. ती नसेल तर त्या दिवसभर पाणी पिणे टाळतात.

चूल पहिली

माझे ठाम मत आहे की इमारतीआधी सेवा सुरू करावी. मठ म्हणजे अन्नछत्र असेल तर पहिल्या तीन-चार दिवसांत पंगत बसली पाहिजे, मग ती ताडपत्रीखाली का असेना आणि आमटी-भाताचीच का असेना. मंडप वाळेपर्यंत थांबलात तर दोन महिने जातात. तेवढ्यात मुले आपापल्या गावी निघून जातात आणि दुपारी मठात यायची माणसांची सवय मोडते.

कोठीतल्या धान्याबद्दल हळवे होऊ नका. पुराचे पाणी लागलेले तांदूळ, गहू, डाळ, पीठ, गूळ, साखर आणि मसाले टाकून द्यायचे. वाळवून चालेल असे कुणीतरी म्हणतेच, पण बुरशी आलेले धान्य गाईलाही घालू नये. पत्र्याचे तेलाचे डबे गच्च बंद असतील तर बाहेरून धुऊन, ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून वापरता येतात. पातेली, कढया, वाढप्यांच्या बादल्या साबणाने घासून उकळत्या पाण्याने धुवा. लाकडी पोळपाट-परात भेगाळलेले असतील तर बदला.

संध्याकाळचा हरिपाठही पहिल्या दिवसापासून सुरू करा. टाळ धुतले की वाजतात, त्यांना पूर बाधत नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. दिवसभर गाळ काढलेल्या माणसांना संध्याकाळी एकत्र बसायला मिळते आणि त्याच बैठकीत उद्याचे पहारे ठरतात. पंगतीत आलेल्याला कुठला, कोण हे विचारायचे नाही. शेजारच्या कुरुंदवाडात काही मशिदींत गणपती बसतो. इथल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही, बाहेरून येणाऱ्याने मात्र ध्यानात ठेवावे.

गाळ

गाळ ओला असतानाच काढा. कृष्णाकाठचा काळा गाळ दोन उन्हे खाल्ली की विटेसारखा घट्ट होतो. आतल्या खोलीपासून दाराकडे या. आधी खोऱ्याने जाड थर काढा, मग रबरी वायपर फिरवा, शेवटी पाणी मारा. शेतावर फवारणीसाठी वापरतात तो एचटीपी पंप फरशीसाठी उत्तम आहे. मातीच्या भिंतीवर तो कधीही मारू नका. २०१९ ला आम्ही तो ओवरीच्या मागच्या भिंतीवर मारला. भिंत झकास स्वच्छ झाली आणि रात्री पडली. तिथे झोपणारी मुले त्या दिवशी सभामंडपात हलवली होती म्हणून वाचली. ती आमची चूक होती आणि अजून विसरता येत नाही.

काढलेला गाळ रस्त्यावर टाकू नका, गटार तुंबते. तो शेतात घ्यायला कोण तयार आहे ते विचारून ट्रॅक्टर लावा. काच, प्लास्टिक आणि औषधांच्या बाटल्या आधी वेगळ्या करा.

फरशीसाठी एक लीटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर घाला. ती फासून अर्धा तास ठेवा आणि धुऊन टाका. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ही पावडर मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आड

मठाच्या आडाचे किंवा विहिरीचे पाणी पुरानंतर पिण्याचे राहत नाही, दिसायला कितीही नितळ असो. गाळ उपसून पाणी काढा, पण एका दमात तळ गाठू नका. भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असते आणि आड एकदम रिकामा केला की दगडी बांधणी आत ढासळते. थोडे उपसा, थांबा, पुन्हा उपसा. डिझेल इंजिन आडात उतरवून चालवू नका. त्याच्या धुराने आत उतरलेली माणसे मेलेली आहेत. माणूस उतरवायचाच असेल तर कमरेला दोर आणि वर दोन माणसे हवीत.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हिशेब असा : आडाचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा आणि ४ ने भागा. येईल तेवढे घनमीटर पाणी, म्हणजे तेवढे हजार लीटर. दर हजार लीटरला २.५ ग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे, पुरानंतर पहिल्यांदा दुप्पट घ्या. ३ मीटर व्यासाच्या आडात ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लीटर झाले. म्हणजे नेहमीची मात्रा ७० ग्रॅम आणि पहिल्या वेळी १४० ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या आणि वरची निवळीच आडात सोडून पोहरा खाली-वर करत ढवळा. तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते बघणारी) करून घ्या. पाण्याचा रंग पिवळा झाला नाही तर पुन्हा घाला. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्या.

भिंती

जुन्या मठांच्या भिंती बहुधा खाली काळा दगड, वर पांढरी माती किंवा कच्ची वीट अशा असतात, आणि त्यांना सागवानी खांबांचा आधार असतो. यांतल्या पुष्कळ भिंती पुरात उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर पडतात. भिजून जड झालेली माती एका बाजूने वाळते आणि पाण्याचा आधार गेलेला असतो. भिंतीने पोट सोडले आहे का, कोपऱ्यात तिरकी भेग गेली आहे का, तळखड्यावरून खांब सरकला आहे का, हे रोज सकाळी बघा. शंका आली की टेकू लावा आणि ती खोली बंद करा.

त्यानंतर वाट बघायची, आणि हीच गोष्ट देणगीदारांना पटवणे सगळ्यात कठीण जाते. रंगरंगोटीचे पैसे घेऊन लोक दुसऱ्या आठवड्यात येतात. पाण्याच्या रेघेवर दीड-दोन फुटांपर्यंतचा सुटलेला गिलावा काढून टाका, दारे-खिडक्या उघड्या ठेवा, कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढा. फुगलेली दारे रंधा मारून बसवू नका, वाळल्यावर ती आखडतात आणि फट पडते. भिंत वाळली का ते बघायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. आतून दव धरले तर भिंत अजून ओली आहे. माझ्या अनुभवात दिवाळीनंतरची थंडी आणि उन्हाळ्याची सुरुवात झाल्याशिवाय जाड भिंत वाळत नाही.

मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळवा. थोडे हिंडावे लागते, पण या पट्ट्यात असे कारागीर अजून आहेत.

पोथ्या आणि वाद्ये

भिजलेला कागद साधारण दोन दिवसांत बुरशी धरतो. म्हणून पोथ्यांचा पहारा गाळाच्याही आधी लावा. चिकटलेली पाने ओढून सोडवू नका आणि कडक उन्हात ठेवू नका, कागद वाकतो आणि शाई फिकी पडते. ग्रंथ मिटलेला असतानाच वरचा चिखल स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने निथळून काढा. ग्रंथ कमी असतील तर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात उभे करा आणि पाना-पानांत साधा टिपकागद घाला. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. ग्रंथ जास्त असतील तर एकेक प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या ग्रंथात बुरशी वाढत नाही आणि पुढे सवडीने एकेक काढून वाळवता येतो. एका आइस्क्रीमवाल्याने पुरात रिकामा झालेला आपला फ्रीजर आम्हाला दोन महिने दिला होता. हस्तलिखिते असतील तर स्वतः काहीच न करता गोठवा आणि संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला बोलवा.

देणगीच्या वह्या, जमिनीचे कागद, विश्वस्त मंडळाच्या इतिवृत्ताची वहीही यातच आली. चिखलात त्या रद्दीसारख्या दिसतात. गाळ काढणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, की कागद म्हणून जे दिसेल ते बाजूला ठेवायचे, टाकायचे काय ते मठातली माणसे ठरवतील.

पखवाजाच्या पुड्या वाचत नाहीत, पण खोड वाचते. वाद्या सैल करून पुड्या उतरवा आणि खोड सावलीत आडवे ठेवून महिनाभर वाळू द्या. घाई केली तर चीर जाते. पेटीचा भाता आणि सरसाने जोडलेले भाग सुटतात, पण पितळी सूर बहुतेक वेळा चांगले राहतात. ते काढून, पुसून, डबीत नीट क्रमाने ठेवा. वीणेसाठी लांब जायला नको. सतार-तंबोऱ्यांसाठी नावाजलेले मिरज जवळच आहे. तिथल्या कारागिरांनी आमच्या मठाच्या वीणेचा फुटलेला भोपळा बदलून दिला. दांडी जुनीच राहिली, आणि वीणेकऱ्यांना तेवढेच हवे होते.

गोठा

मेलेल्या जनावराचा पंचनामा होईपर्यंत पुरू नका, पण त्यात दिवस जाऊ देऊ नका. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच फोन करा. आडापासून आणि ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. वाचलेल्या गुरांना घटसर्प आणि फऱ्याची लस झाली आहे का ते तपासा आणि खुरांतल्या जखमा रोज बघा. गाळ बसलेली वैरण घालू नका.

पैसा

मठ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर पैसे न्यासाच्याच बँक खात्यात घ्या. कुणा स्वयंसेवकाच्या मोबाइलवर नको, तो कितीही प्रामाणिक असो. न्यास नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावे लागते. न्यासाला कर्ज काढायचे तरी तिथलीच पूर्वपरवानगी लागते. परदेशातल्या मराठी मंडळींपैकी कुणाकडे विदेशी नागरिकत्व असेल, तर त्यांची देणगी एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. त्यांना हे आधीच सांगा, म्हणजे नंतर पैसे परत करायची वेळ येत नाही.

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी, वर्गणीचा हिशेब गावासमोर वाचतात. इथे तो दर आठवड्याला हरिपाठानंतर वाचा : आले किती, गेले किती, कुठल्या दुकानाची किती बाकी. वस्तूंची आवक-जावक वहीही तिथेच उघडी ठेवा. आमच्या मठात हे पहिल्या आठवड्यापासून झाले आणि गावात पैशांवरून एकही कुजबुज ऐकली नाही.

पुढच्या पुरासाठी

२००५, २०१९, २०२१. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पूर परत येतो हे धरूनच बांधा. जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषेत मठ कुठे येतो ते बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवी खोली बांधायला देणगीदार तयार असला तरी नाही म्हणा.

जुन्या जागेत करण्यासारखे पुष्कळ आहे. विजेचा मीटर आणि बोर्ड पाण्याच्या रेघेच्या वर घ्या. कोठी माळ्यावर न्या किंवा लोखंडी घोडीवर चढवा. ग्रंथांसाठी कडी असलेल्या पत्र्याच्या पेट्या करा, दोन माणसांना उचलतील एवढ्याच. गुऱ्हाळाची काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, कुठे आहे ते माहीत असू द्या. या भागात पुरात तिचीच नाव होते. नृसिंहवाडीत पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या जागी नेतात, आणि पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की लोक त्या दक्षिणद्वारात स्नानाला येतात. कुठल्या पायरीला पाणी लागले की काय हलवायचे हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तशीच यादी आम्ही मठासाठी केली. राजाराम बंधारा ३९ फूट झाला की धान्य आणि ग्रंथ वर, ४१ ला गाई गायरानाकडे, ४३ च्या आत मुले पाहुण्यांच्या गावी, आणि शेवटी वीणा. प्रत्येक कामापुढे दोन नावे लिहिली. हा कागद पहाऱ्याच्या वहीतच चिकटवला आणि सभामंडपाच्या खांबावर २०१९ च्या पाण्याची रेघ तेलरंगाने ओढली.

जुलै २०२१ मध्ये आषाढी एकादशी झाली आणि दोनच दिवसांनी पंचगंगा पुन्हा चढू लागली. रात्री अकराला मला फोन आला. "धान्य वर घेतलंय. गाई मघाशीच गेल्या. तुम्ही निघू नका, रस्ता बंद होतोय." मंडपात या वेळीही पाणी आले. ते उतरल्यावर चौथ्या दिवशी पंगत बसली, आणि पहाऱ्याच्या वहीत त्या दिवशी बाहेरच्या माणसाचे एकही नाव नव्हते.